बिऱ्हाडाचे ऋण

मराठीत राहत्या जागेला दोन शब्द आहेत: घर आणि बिऱ्हाड. जेथे देव्हारा आहे, दारी तुळस आहे, आणि पितृपक्षात जेथे पितरांचे पान मांडले जाते, ते घर होय. पोटासाठी परगावी गेल्यावर चार दिवस वा चार वर्षे जेथे पथारी पसरावी लागते, ते बिऱ्हाड. हुबळी-धारवाडच्या कन्नडातही ‘बिडार’ असा ह्याच्याशी फार जवळचा शब्द आहे, व त्याचाही रोख मुक्कामाच्या जागेकडेच आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण हसत म्हणतो. तथापि आज आपल्या शहरांतून अशी असंख्य माणसे राहत आहेत की ज्यांच्या डोक्यावरील आच्छादनाला घर म्हणता येत नाही, आणि बिऱ्हाड म्हणतानाही जीभ अडखळते. बांबू, पत्रे, ताडपत्री, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि दोरी एवढ्या सामग्रीवर त्यांचा संसार उभा असतो. ज्यांना घर आहे, आणि घराबरोबर एक देवालयही आहे, अशा आपण ह्या माणसांचे काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते दयेच्या सदरात पडते की ऋणाच्या? ह्या प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन (१९०३ ते १९०७) ह्यांचे नाव धारण करणारा हुबळीचा लॅमिंग्टन रोड आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. ह्या रस्त्याने अथवा त्याला मिळणाऱ्या कोणत्याही गजबजलेल्या रस्त्याने जाताना जेथे जुनी इमारत पाडून नवी उठत असते, तेथे क्षणभर थांबून पाहावे. वर सळ्या आणि फळ्या दिसतात. खाली, पाडलेल्या भिंतीच्या आडोशाला, पत्र्याची एक ठेंगणी रांग असते. तीन विटांची चूल, एक पिंप, वाशाला बांधलेली तान्ह्या मुलाची झोळी. काँक्रीटवर मारण्यासाठी जे पाणी आणलेले असते, तेच पिण्याला आणि तेच आंघोळीला. ही माणसे बहुधा उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू तालुक्यांतून आलेली असतात. अलीकडे त्याहून पुष्कळ दूरच्या प्रांतांतूनही येतात. इमारत पुरी झाली की पत्र्याची रांग उठते व दुसऱ्या बांधकामापाशी जाऊन बसते. आणि ज्या तालुक्यांतून माणसे हुबळीस येतात, त्याच तालुक्यांतील माणसे घाट उतरून गोव्यात वास्कोस आणि झुआरीनगरास जातात, बंगळुरास जातात, मुंबईस जातात. तेथेही त्यांच्या वाट्याला अशीच ताडपत्री येते.

हुबळी शहर हे स्वतःच येणाऱ्यांनी घडवलेले आहे, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ह्या मुलखातील कापूस घाट उतरून कुमठा बंदरास जात असे, आणि त्याच वाटेने किनाऱ्यावरची व्यापारी, कारकून व वकील मंडळी वर येत असत. १८८० नंतरच्या दशकात रेल्वे आली, तिचा कारखाना आला, आणि त्यापाठोपाठ फिटर, लोहार, हमाल, खानावळवाले, शिक्षक आले. आज ज्यांच्या दारावर पितळी पाटी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचा आजा वा पणजा एका पत्र्याच्या ट्रंकेनिशी येथे उतरला होता. २०२३ च्या मार्चमध्ये हुबळी स्थानकावरील १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून राष्ट्राला अर्पण करण्यात आला, आणि त्याचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान वाटला. तो फलाट घालणारे हात रात्री कोठे विसावत होते, हा प्रश्न मात्र त्या अभिमानाच्या भरात आपणांपैकी कोणास पडला नाही.

झोपडीविषयी आपल्या मनात जो एक दुरावा आहे, तो प्रथम तपासून पाहिला पाहिजे. झोपडीत राहणारा मनुष्य कोणी निराळ्या जातीचा, अस्वच्छतेची आवड असणारा, अशी समजूत आपण न बोलता बाळगतो. १८९८ साली हुबळीत प्लेगाने कहर केला. त्या काळी ह्या मुलखात प्लेगाची गाठ दिसली की खातीपिती कुटुंबेही वाडे सोडून गावाबाहेरच्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्यांत जाऊन राहत असत. देव झोपडीत, सोवळे झोपडीत, बाळंतपणही झोपडीत. साथ ओसरल्यावर ती मंडळी वाड्यांत परतली, आणि त्यांच्या कुलशीलास काही बाध आला असे कोणी म्हटले नाही. झोपडी ही माणसाची अवस्था आहे. तिच्यावरून त्याच्या स्वभावाची परीक्षा करता येत नाही. ज्यांच्यापाशी परतण्यास वाडा होता त्यांची ती अवस्था काही महिन्यांत संपली, एवढाच काय तो भेद.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या धर्मविचारात परक्याला आश्रय देण्याची आज्ञा अतिशय स्पष्ट आहे, आणि ती अतिथी ह्या शब्दाभोवती उभी आहे. परंतु कोणी सूक्ष्मदर्शी गृहस्थ येथे हरकत घेईल. स्मृतिकारांनी अतिथी कोणास म्हणावे हे सांगताना एका रात्रीचा मुक्काम करणारा तो अतिथी, असे म्हटले आहे. हा मजूर काही एका रात्रीसाठी आलेला नाही. तो मजुरीसाठी आला आहे आणि मजुरी घेतो आहे. सबब तो अतिथी नव्हे. बरे, तो शेजारी म्हणावा, तर शेजाऱ्याला पत्ता असतो, त्याच्याशी वाटीभर साखरेची देवघेव असते, सणावाराचे बोलावणे असते. ह्यांतील काहीच नसल्यामुळे तो शेजारीही नव्हे. हरकत खरी आहे. तिच्यातूनच ह्या माणसाची खरी स्थिती ध्यानात येते. अतिथी आणि शेजारी ह्या दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो राहतो, आणि ती जागा ओलांडू न देता आपण त्याला वर्षानुवर्षे तेथेच ठेवले आहे. ज्या शब्दाच्या आधाराने ठेवले, तो शब्द म्हणजे ‘तात्पुरता’. शेड तात्पुरती, नळ तात्पुरता, काम तात्पुरते. आणि अशा तात्पुरत्या जागांची रांग लावीत एका माणसाचे सबंध आयुष्य निघून जाते.

‘तात्पुरता’ हा शब्द किती पिढ्या टिकतो, हे गोव्यातील वाचकांस निराळे सांगावयास नको. भाटकाराच्या भाटात, त्याच्या माडांची राखण करीत, त्याच्या परवानगीने झोपडी घालून राहणारा मुंडकार पिढ्यान् पिढ्या तेथेच जन्मला आणि तेथेच मेला; तरी पायाखालची जमीन भाटकाराची, आणि राहणे त्याच्या मर्जीचे. अखेर १९७५ साली कायदा करून मुंडकारास घरातून काढून लावण्यापासून संरक्षण द्यावे लागले. चाकरीशी बांधलेले छप्पर हे छप्पर नव्हे, ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली. आजचा बांधकाम-मजूर ह्या दृष्टीने मुंडकाराहूनही दुबळा आहे, कारण त्याचा भाटकार दर सहा महिन्यांनी बदलतो.

दुसरी हरकत अधिक व्यवहारी आहे. मजुरी ठरली, ती चुकती केली, आता देणे कसले? बाजाराच्या हिशेबात हे उत्तर बिनतोड दिसते. पण हिशेब नीट मांडला तर त्यात एक रक्कम गाळलेली आढळते. श्रम विकत घेताना आपण आठ तासांचे श्रम घेतो. पण ते श्रम एका शरीराबरोबर येतात, आणि त्या शरीराला उरलेले सोळा तास कोठे तरी असावे लागते. निजण्याची, शौचाची, स्वयंपाकाची, मूल ठेवण्याची जागा जर मजुरीच्या दरात धरली नाही आणि मालकानेही दिली नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो मजूर स्वतः सोसतो, पदपथावर निजून, नाल्याकाठी राहून, मुलीची शाळा बुडवून. आपल्या इमारतीचा चौरस फुटाचा भाव तेवढ्याने खाली येतो. म्हणजे आपल्या घराच्या किमतीत त्याच्या न मिळालेल्या छपराची किंमत जिरलेली आहे. ज्याचा पैसा आपल्या भिंतीत गुंतलेला आहे, त्यास धनको म्हणतात. म्हणून हे देणे आम्ही दया न म्हणता ऋण म्हणतो, आणि ह्यात अलंकार मुळीच नाही.

आपल्या परंपरेस ही कल्पना नवी नाही. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणात चौथेही ऋण सांगितले आहे, आणि ते मनुष्यांचे. ते कसे फेडावे, ह्याचे जे उत्तर तेथे आहे ते फार मोलाचे आहे: माणसांना वसवून आणि त्यांस अन्न देऊन. अन्नदान आपण विसरलो नाही; प्रत्येक देवालयात उत्सवाच्या दिवशी पंगती उठतात, व ते योग्यच आहे. त्या चौथ्या ऋणाचा पहिला भाग मात्र, म्हणजे वसविणे, आपल्या व्यवहारातून हळूहळू गळून गेला. तैत्तिरीय उपनिषदातही अन्नाविषयीच्या व्रतांबरोबरच, वसतीसाठी आलेल्या कोणासही परत लावू नये, असे व्रत सांगितले आहे. तेथे एका रात्रीची अट नाही, आणि तो कोठून आला ह्याची विचारणाही नाही.

आणि आपल्या देवतांचाच इतिहास आपण पाहावा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखालील साष्टीतून मंगेशाला कुठ्ठाळी सोडून प्रियोळास यावे लागले, शांतादुर्गेला केळोशी सोडून कवळ्यास, महालसेला वेर्णे सोडून म्हार्दोळास. तो अंत्रुज महालाचा मुलूख त्या वेळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. आज आपण जी दीपमाळांची, तळ्यांची, नगारखान्यांची देवालये पाहतो, ती पुष्कळ नंतरची. शांतादुर्गेचे सध्याचे देवालय तर अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात उभे राहिले. मधल्या दीड-पावणेदोन शतकांत देव ज्या आश्रयास होते तो आश्रय परक्या गावाने दिलेला होता. ती गावे जर म्हणाली असती की आधी कायमचा पत्ता दाखवा, तर आज आपल्या कुलदेवतांचे पत्ते काय असते? त्या देवालयांभोवती जी अग्रशाळांची रचना आहे, दुरून आलेल्या महाजनांस व भक्तांस उतरण्याच्या ज्या खोल्या आहेत, त्यांत त्या विस्थापनाची आठवण आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

देवांमागून माणसांचीही हीच कथा. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावांच्या ‘कुडी’ उघडल्या. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी आपल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवी आणि बोट मिळेपर्यंत तेथे राही. कोकणातील गिरणी कामगारांनी गिरणगावात ‘गावची खोली’ केली. एका खोलीत पंधरावीस माणसे, पाळीपाळीने निजणे, भिंतीला टांगलेल्या वळकट्या, आणि जेवण जवळच्या खानावळवालीकडे. ही सुखाची घरे नव्हती. परंतु नव्याने आलेल्या माणसास तेथे कोणी तरी ओळखणारे होते. ‘हा आमच्या गावचा’ एवढे तीन शब्द उच्चारणारा कोणी असला म्हणजे दार उघडत असे.

ह्या तीन शब्दांचे पुढे संस्थेत रूपांतर कसे होते, ह्याचे उत्तम उदाहरण कारवार-कुमठ्याच्या किनाऱ्यावरून मुंबईस गेलेल्या सारस्वत मंडळींनी घालून दिले. मुंबईतही एक लॅमिंग्टन रोड आहे. त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्याच्या आसपासच्या गिरगाव, गावदेवी, ताडदेव ह्या भागांत आपले पूर्वज अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होते. त्यांच्यातील राव बहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी ह्यांनी १९०६ साली, म्हणजे लॅमिंग्टन गव्हर्नर असतानाच, शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था सुरू केली. तीच आजची बँक. १९१२ च्या कायद्याने कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था नोंदविण्याची वाट मोकळी झाली, आणि १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील अशी ही पहिलीच संस्था मानली जाते. पुढे ताडदेवला जी वसाहत झाली तिला त्यांचे नाव मिळाले, तालमकीवाडी. कारकुनाच्या पगारात ज्यास एकट्याने घर बांधणे कधीच शक्य नव्हते, त्याने इतरांच्या जामिनावर आणि इतरांनी त्याच्या जामिनावर घर मिळविले. ह्यात आपणांस अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे.

आता त्याच ताडदेवातील दुसरी एक वाडी पाहू. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथावरील झोपड्या मोडून तेथील माणसांना शहराबाहेर घालविण्याची मोहीम निघाली. त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस ह्या पत्रकार महिलेच्या नावाने ते प्रसिद्ध आहे, आणि त्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांनी दिला. त्या निकालात अर्जदारांची जी हकीकत नोंदली आहे, तीत संगमनेरहून १९६९ साली मुंबईस आलेल्या एका चर्मकाराची हकीकत आहे. गावी त्याची कमाई दिवसाला सातआठ रुपये. गावचे घर पडले म्हणून तो निघाला. मुंबईत त्यास महिना ३५० रुपयांवर बदली कामगाराचे काम मिळाले. ताडदेवच्या तुळशीवाडीत पदपथावर जागा मिळावी म्हणून त्याने तेथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, आणि बांबू व प्लॅस्टिकच्या कापडाला ७०० रुपये घातले. एकूण हजार रुपये, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार.

एकाच ताडदेवातील ह्या दोन वाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. दोन्हीकडची माणसे गाव सोडून पोटासाठी आलेली. दोघांनीही कष्टाचा पैसा साठवून जागेसाठी मोजला. तेव्हा फुकट जागा बळकावली हा आरोप संगमनेरच्या त्या माणसावर करता येत नाही. भेद इतकाच की एकाचा पैसा नोंदलेल्या संस्थेच्या वहीत जमा झाला आणि दुसऱ्याचा गुंडाच्या खिशात गेला. एकामागे जात, शिक्षण, ओळख, इंग्रजी लिहिता येणारे पुढारी आणि कायद्याचे कलम उभे होते. दुसऱ्यामागे कोणी नव्हते. ह्यास आपण पत म्हणतो. आपल्या पूर्वजांच्या अंगी काटकसर, सचोटी, उद्योग हे गुण होतेच, पण ते गुण त्या चर्मकारातही असलेच पाहिजेत. नाही तर तीन महिन्यांचा पगार पदरी बाजूला पडतो कसा? गुण दोहोंकडे होते, पत एकीकडेच होती. आणि पत ही कोणासही एकट्याने मिळविता येत नाही. ती दुसऱ्याने द्यावी लागते.

न्यायालयाने काय ठरविले तेही सांगितले पाहिजे, कारण येथे एकांगी बोलून चालणार नाही. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. त्याचबरोबर पदपथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर घर करण्याचा हक्क कोणास नाही, आणि योग्य सूचना देऊन झोपडी हलविता येईल, असेही सांगितले. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत मात्र, पावसाळा जाईपर्यंत, झोपड्या काढू नयेत असा आदेश दिला. पायी चालणाऱ्या वृद्धाचा व शाळेत जाणाऱ्या मुलाचाही रस्त्यावर हक्क आहेच. परंतु पदपथ मोकळा असावा, हे म्हणण्याचा अधिकार ज्याने मजुराला निजण्यास दुसरी जागा दिली त्यास अधिक शोभतो.

‘त्यांना गावी घर असतेच की,’ असेही म्हटले जाते. पुष्कळांना असते. आपल्या आजोबांनाही होते. तेथे आंबा होता, विहीर होती, आणि पोट भरण्यास पुरेसे नव्हते म्हणूनच ते निघाले. गावी घर असणे हे शहरात पदपथावर निजण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘सोयी केल्या तर आणखी लोंढे येतील,’ ही दुसरी भीती. मनुष्य गाव सोडतो तो दुसरीकडे चांगली शेड आहे म्हणून नव्हे. पाऊस लांबतो, बोअरचे पाणी आटते, सावकाराचे व्याज चढते, आणि शहरात काम असते. काम आपणच काढतो. कामास बोलवायचे आणि माणसास नको म्हणायचे, ह्यात काही संगती नाही. गोव्यात ह्या माणसांना ‘घाटी’ म्हणून हिणविले जाते. मुंबईत एके काळी सातारा-पुण्याच्या मराठी कामगारालाही हाच शब्द लावीत. शब्द एकच राहतो, फक्त तो ज्याच्यावर पडतो तो मनुष्य बदलतो.

कामाशी बांधलेल्या छपराचे खरे स्वरूप २०२० साली साऱ्या देशाने पाहिले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. काम थांबले आणि कामाबरोबर निवाराही गेला, कारण तो निवारा कामाचाच होता. हजारो माणसे पोरेबाळे घेऊन महामार्गांनी चालत निघाली. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून निजलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. ते जालन्याहून मध्यप्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. त्या दिवसांत आपण घरी राहा असे एकमेकांस सांगत होतो. ज्यांना तो उपदेश पाळता आला, त्यांनी तो कोणी बांधलेल्या भिंतींच्या आत बसून पाळला, हे विसरता येण्यासारखे नाही.

तेव्हा आपण काय करावे? समाजाने साऱ्या शहराचा प्रश्न शिरावर घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. आपल्या हातात जे आहे तेवढेच सांगतो. देवालयाचा जीर्णोद्धार निघतो, मंगल कार्यालय बांधले जाते, विद्यार्थी-वसतिगृहावर मजला चढतो, आपल्यापैकी कोणाचे घर उठते. अशा वेळी खर्चाचे अंदाजपत्रक मंडळीसमोर येते. त्यात सिमेंट, लोखंड, ग्रॅनाइट, कळसाचा मुलामा ही सर्व कलमे असतात. त्यात आणखी एक कलम असावे: काम चालेल तोवर मजुरांच्या राहण्याची सोय. कोरडी जमीन, गळके नसलेले छप्पर, निराळी चूल, स्त्रियांसाठी आडोशाचे स्नानगृह व शौचकूप, पिण्याचे पाणी. ह्यात विशेष असे काही नाही. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात कामाच्या जागी अशी सोय मालकाने विनाभाडे करावी असे स्पष्ट कलम घातले गेले होते. कायदा ठेकेदारास बांधील. धर्म मात्र काम करवून घेणाऱ्यास बांधतो, आणि ठेकेदाराच्या नावाने त्यास आपली सुटका करून घेता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, पतीची आहे. मजुराच्या मुलास जवळच्या शाळेत घालताना, त्याच्या बायकोस दवाखान्यात नेताना, बँकेत खाते उघडताना त्यास विचारतात, तुला येथे कोण ओळखते? आपल्या पूर्वजांना हाच प्रश्न मुंबईत विचारला गेला होता, आणि उत्तर देण्यास कोणी तरी पुढे झाले होते. आज उत्तर देण्याची पाळी आपली आहे. देवालयाची कमिटी, एखादे महिला मंडळ, शाळेचे चालक ह्यांनी ‘आम्ही ओळखतो’ असे म्हटले, तर त्यास खर्च येत नाही. केवळ ओळखावे लागते. आणि ओळखण्यासाठी त्याचे नाव, गाव, मुलांची संख्या विचारावी लागते. थंडीत घोंगडी वाटण्याहून हे काम थोडे कठीण आहे. घोंगडी देणारा मनुष्य देऊन मोकळा होतो. ज्याने ओळख दिली त्यास मोकळे होता येत नाही.

हे सरकारचे काम आहे, असे कोणी म्हणेल, तर तेही खरेच. भाड्याच्या स्वस्त खोल्या, कामगार-वसतिगृहे, शहराच्या आराखड्यात त्यांसाठी राखलेली जमीन ही कामे महापालिका आणि शासन ह्यांखेरीज कोणास साधणार नाहीत. परंतु १९१५ साली गावदेवीस जे उभे राहिले ते सरकारने मनात आणले म्हणून नव्हे. काही माणसांनी एकमेकांची हमी घेतली आणि मग कायद्याने त्यांस जागा दिली. वसविण्याचे ऋण फेडण्याचा तो एक मार्ग आपल्या माहितीचा आहे, आपल्या घरचा आहे. तो आजवर आपण आपल्याच माणसांसाठी वापरला. उत्तर कर्नाटकातून आलेला गवंडी आपला मनुष्य आहे की नाही, एवढेच ठरावयाचे राहिले आहे.

वास्तुशांतीच्या दिवशी गवंड्यास व सुतारास नारळ आणि वस्त्र देण्याची रीत आपल्याकडे आहे. ती रीत ज्याने घातली त्याच्या मनात हे निश्चित होते की घरात प्रथम पाऊल टाकण्याआधी ज्याने घर उभारले त्याचे काही तरी देणे राहते. नारळ हे त्या देण्याचे व्याज समजावे. मुद्दल अद्याप आपल्याकडेच आहे.